गोदीतला वळसा

बाबागाडीचं पुढचं चाक दाराच्या लोखंडी उंबऱ्यात अडकलं. तिने दांडा खाली दाबून पाहिला, गाडी जराशी मागे घेतली आणि पुन्हा रेटली. उंबरा चाकापेक्षा हट्टी निघाला. आत बसलेली ठकी हिसक्याने पुढे झुकली आणि आईने काहीतरी नवा खेळ काढलाय अशा समजुतीने खिदळली.

"थांबा ताई, तशाच थांबा!" नगरपालिकेची आराखडेवाली आनंदाने ओरडली. "मला हेच हवं होतं."

ती गुडघ्यांवर बसली, उंबऱ्याचा फोटो काढला आणि पट्टीवर खडूने मोठी फुली मारली. "इथं उतार करावा लागेल. नकाशात हे असलं काही दिसत नाही. म्हणून तर तुम्हा सगळ्यांना बोलावलं."

"फोटो झाला असेल तर आम्ही म्हातारे आत येऊ का?" मागून काठीवाले आजोबा म्हणाले. "नाहीतर माझाही फोटो घ्या. मीही अडकलोय."

गोदीचा मुकादम पुढे आला. त्याने बाबागाडी पुढून दोन्ही हातांनी उचलली आणि ठकीसकट अलगद आत ठेवली. "वहिनी, हेल्मेट," एवढंच तो म्हणाला, तेही हेल्मेटकडे बघत. पिवळं हेल्मेट तिच्या डोक्याला मोठं होत होतं. सारखं भुवयांवर येत होतं.

हे दार गल्लीच्या टोकाला, तिच्या खोलीच्या अगदी तोंडासमोर होतं. लग्न होऊन ती इथे आली तेव्हापासून ते बंदच होतं. गोदीत पायी माणसाने शिरायचं नाही असा नियम होता. आत ट्रक धावतात, डोक्यावरून लोखंड फिरतं, लक्ष चुकलं तर भलतंच व्हायचं. कामगारांनीसुद्धा अख्ख्या भिंतीला फेरा मारून मोठ्या फाटकातूनच जायचं. तिचा नवरा रोज तसाच जायचा. क्रेनच्या आकड्याला साखळ्या अडकवायचं त्याचं काम, आणि कामाची जागा भिंतीच्या लगेच पलीकडे. "तू घरात शिंकलीस तर मला तिकडे ऐकू येतं," तो म्हणायचा, "आणि घरी यायचं म्हटलं की जग फिरून यायचं."

मग एका सकाळी पाइपांचा गठ्ठा सुटला. ठकी तेव्हा पोटात होती.

"जागच्या जागी गेला, वहिनी. कळलंसुद्धा नाही त्याला." मुकादमाने दारात उभं राहून सांगितलं होतं. त्याच्या मागे गल्लीभर माणसं उभी होती, हेल्मेटं हातात धरून. बाकी काय काय बोललं गेलं ते तिला आठवत नव्हतं, पण हे वाक्य तिने जपून ठेवलं. ठकीला पाजताना, कपडे वाळत घालताना ती ते मनाशी म्हणून बघायची. कळलंसुद्धा नाही. म्हणजे दुखलं नाही. भीती वाटली नाही. आपली वाट पाहिली नाही. दुसऱ्या कुठल्याच गोष्टीवर पाय ठेवता येत नसे, तेव्हा ती या वाक्यावर ठेवायची.

फक्त कुठे, ते कोणी सांगत नव्हतं. कंपनीचा माणूस म्हणाला, आवारात. मुकादमाला तिने दोनदा-तीनदा विचारलं. दर वेळी तो "तिकडे" म्हणून हात असा काही फिरवायचा, की त्या हाताखाली अर्धी गोदी यावी. गच्चीवर उभं राहिलं की भिंतीपलीकडे क्रेनची मान आणि पत्र्याची छपरं दिसायची, जमीन दिसायची नाही. मग ती मनात नवऱ्याला रोज वेगळ्या ठिकाणी ठेवून बघायची. एक दिवस क्रेनच्या पायाशी, एक दिवस पाण्याच्या कडेला. कुठेच तो नीट राहायचा नाही.

पलीकडच्या टोकाला, जिथे बर्फाचा कारखाना होता, तिथे आता काचेच्या गॅलऱ्यांच्या इमारती आल्या होत्या. आणखी दोन येत होत्या. तिथल्या लोकांना पाण्याच्या कडेने फिरायचं होतं. गोदी बंद करायची नव्हती आणि माणसांना वाटही द्यायची होती, म्हणून नगरपालिकेने ही आराखडेवाली नेमली. तिने आल्या आल्या जाहीर केलं, की वाट आखायच्या आधी माणसं चालवून बघणार. एक काठी टेकणारा, एक चाकाच्या खुर्चीतला, आणि एक बाबागाडी ढकलणारी आई. गल्लीत येऊन तिने विचारलं, तेव्हा तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत ही हो म्हणाली. बाबागाडी हिच्याकडे नव्हतीच. ती शेजारणीकडून मागून आणली.

"तिथं कशाला मरायला जातेस?" सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांनी जीभ चावली. मग बराच वेळ त्या घासून ठेवलेली भांडी पुन्हा घासत राहिल्या. निघताना मात्र ठकीच्या टोपीची नाडी त्यांनी स्वतः बांधली, आणि सुनेला म्हणाल्या, "बघून ये. मलाही सांग."

आता ती आत होती. आवार तिच्या मनातल्यापेक्षा लहान होतं, आणि जास्त नीटनेटकं. एका बाजूला पाइपांच्या राशी, एका बाजूला रंग उडालेले डबे, मधे काँक्रीटचा रुंद रस्ता आणि त्याच्या टोकाला तेलकट, हिरवं पाणी. काम तासाभरापुरतं हळू केलं होतं, बंद नव्हतं. भिंतीच्या कडेला हवेचा पंप धडधडत होता. त्या आवाजात शेजारच्याशी बोलायचं तरी ओरडावं लागत होतं.

"इथून सरळ," आराखडेवाली खडू उंच धरून म्हणाली. "मी पुढे, तुम्ही मागे. जिथं अडेल तिथं सांगायचं. लाजायचं नाही."

"लाजायचं वय गेलं आमचं," चाकाच्या खुर्चीतले मास्तर म्हणाले. जुन्या रुळांशी आल्यावर त्यांचं चाक खाचेत बसलं आणि ते गोल फिरून आजोबांच्या समोर आले.

"काय मास्तर, परत शाळेत निघालात?"

"तुम्हाला न्यायला आलो. हजेरीत नाव नाही तुमचं."

आराखडेवालीने रुळांवर फुली मारली. ती बाई तिला आवडली. उन्हात घामेजली होती, पायात धुळीचे बूट होते, आणि प्रत्येक अडचण बघून तिला खरोखर आनंद होत होता. पण ठकीच्या आईचं लक्ष खडूच्या रेघेवर नव्हतं. ती जमीन बघत चालली होती. इथे? इथे तेल सांडलंय. इथे? इथे दोर पडलेत. जमीन कुठेच काही बोलत नव्हती. मुकादम दोन हातांचं अंतर राखून चालत होता. तिने त्याच्याकडे पाहिलं की त्याला क्रेनवर काहीतरी बघायचं असायचं.

रस्त्याच्या मध्यावर आराखडेवाली थांबली. खाली वाकली, मग उभी राहून मागे गेली, पुन्हा पुढे आली.

"गंमत बघा इथं," ती म्हणाली.

काँक्रीटवर टायरांचे काळे पट्टे होते. वर्षानुवर्षांचे, एकावर एक बसलेले. फाटकाकडून ते सरळ येत होते, आणि इथे आल्यावर सगळेच्या सगळे अचानक बाजूला वळत होते. वळून, मोठा फेर घेऊन, पुढे पुन्हा सरळ व्हायचे. नदीत खडक असावा तसे. फक्त खडक नव्हता. मधे नुसती जागा होती, राखाडी, धूळ साचलेली. सांध्यांतून गवत उगवलं होतं. अख्ख्या आवारात तेवढंच हिरवं.

"एक चाक जात नाही इथून," आराखडेवाली म्हणाली. "एकसुद्धा! आणि शिवाय केवढी जागा आहे. मला आयती सापडली की. इथं बाक, इथं सावली. का वळतात हो सगळे इथून?"

"भुताला घाबरत असतील," आजोबा म्हणाले.

मुकादमाने त्यांच्याकडे असं पाहिलं, की आजोबांनी काठीवरचा हात बदलला.

"जमीन खचते तिथली," मुकादम म्हणाला.

आराखडेवालीने टाच आपटून बघितली. "कुठे? चांगली ठणठणीत आहे."

"खचते. बाक पलीकडे ठेवा, पाण्याजवळ. हवा पण लागेल."

"पाण्याजवळ आहेच हो एक. पण वाटेत मधे कुठेतरी टेकायला नको? या ताईंना विचारा, मूल घेऊन एवढं अंतर..."

ठकीला गवत दिसलं होतं. तिने पाय झाडायला सुरुवात केली आणि पट्ट्यातून एक खांदा बाहेर काढला. आई पट्टा लावायला वाकली तोवर दुसराही निघाला. ठकी पोटावर घसरत खाली उतरली आणि हात पसरून, डुलत डुलत त्या हिरव्याकडे निघाली.

"अगं, ए बाळा, तिथं नाही..." मुकादम धावला. धावला, आणि जिथून काळे पट्टे वळत होते तिथे आल्यावर थांबला. त्याचा एक हात पुढे ठकीच्या दिशेने राहिला. पाय मात्र तिथून पुढे पडला नाही. समोर काच असावी तसा तो उभा राहिला.

तिने त्याचे बूट पाहिले. बुटांची टोकं पट्ट्याच्या कडेला बरोबर टेकलेली होती.

ठकी मधोमध खाली बसली होती आणि गवताला "ये, ये" म्हणत होती.

मग ती स्वतः आत गेली. हेल्मेट काढलं, काखेत धरलं. जमीन इतर जमिनीसारखीच होती, उन्हाने तापलेली. इतके दिवस तिला वाटत होतं, की जागा सापडली की आत काहीतरी होईल, छाती फुटेल किंवा सुटेल. तसं काहीच झालं नाही. ठकीच्या टोपीची नाडी सुटली होती, ती तिने बांधली.

फाटकाकडून एक ट्रक आला. नेहमीच्या ठिकाणी तो वळायला लागला, आणि वळता वळता थांबला. इंजिन बंद झालं. त्याच्या मागे दुसरा आला. तोही थांबला, तोही बंद झाला. मग तिसरा. कोणी हॉर्न वाजवला नाही. क्रेनवाल्याने वरून वाकून पाहिलं, आणि क्रेनची मान होती तिथे थांबली. भिंतीकडेच्या पंपाजवळ कोणीतरी धावत गेलं. धडधड बंद पडल्यावर पाणी दगडांना लागल्याचा आवाज ऐकू यायला लागला.

"बघितलंत?" आराखडेवाली मास्तरांना म्हणाली. तिचा चेहरा फुलला होता. "मला सगळे सांगत होते, ट्रकवाले पायी माणसाला जुमानत नाहीत. एक बाई लेकराला घेऊन रस्त्यात उभी काय राहिली, अख्खी गोदी थांबली! मी हे साहेबांना सांगणार आहे." तिने फोन काढला आणि बोलत बोलत पाण्याच्या बाजूला गेली. "हो, आपण होऊन. कुणी सांगितलं नाही. आणि अंतर म्हणाल तर काहीच नाही. दारातून इथवर बाबागाडीने यायला चहा उकळायलाही वेळ लागणार नाही, मी तर वाटेत फुल्या मारत..."

ते तिने ऐकलं. वळून दाराकडे पाहिलं. दार उघडं होतं आणि त्यातून तिची खोली दिसत होती, खिडकी दिसत होती, खिडकीतलं ठकीचं वाळत घातलेलं झबलं दिसत होतं.

ती पुन्हा जमिनीकडे बघायला लागली. काळ्या पट्ट्यांच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. तिने मनातल्या मनात आपला ठेंगणा नवरा आडवा ठेवून पाहिला. डोकं इकडे, पाय तिकडे. मग पाय इकडे. कसाही ठेवला तरी सगळ्या बाजूंनी जागा उरत होती. खूपच उरत होती.

"भाऊ," ती मुकादमाला म्हणाली, "एका माणसाला एवढी जागा कशाला लागली?"

मुकादमाने हात खाली घेतला.

"गठ्ठा मोठा होता का?"

"नाही," तो म्हणाला. "आम्ही बसलो होतो."

"कोण?"

"सगळेच. त्याच्याभोवती."

ठकीने गवताची एक काडी उपटली आणि तिला आणून दिली. तिने ती घेतली.

"बसायला वेळ मिळाला म्हणजे," ती म्हणाली.

मुकादमाने मान हलवली. ती हो होती.

"डोकं माझ्या मांडीवर होतं," तो म्हणाला. "ऑफिसातल्या फोनवर डॉक्टर म्हणाले, हलवू नका. दवाखान्याची गाडी निघाली होती, पण फाटकात ट्रक तुंबलेले. सगळ्यांनी मिळून ट्रक मागे घ्यायचे, तर... सोडून कसं जाणार त्याला. तुम्हाला तेव्हा सांगितलं ते... तुमची अवस्था ती तशी. मी म्हटलं, एवढं तरी हलकं जाऊ दे. मग नंतर बदलता येईना."

"शुद्ध होती?"

"होती."

"बोलत होते?"

"थोडं. हिला बोलवा म्हणत होता. बाकी काही नाही. हिला बोलवा."

तिने ठकीला उचलून कडेवर घेतलं. ठकीला उतरायचं होतं. ती पाठीमागे वाकून खाली लोंबायला लागली. तिने तिला घट्ट धरून ठेवलं.

पहिल्या ट्रकमधून ड्रायव्हर उतरला होता. तो बराच वेळ दार धरून उभा होता, आता जवळ आला. त्याच्या मिशा एवढ्या दाट होत्या, की त्याचं नाव तिला न सांगता कळलं. नवरा घरी त्याच्या गोष्टी सांगायचा. आज मिशाळने माझी बिस्किटं खाल्ली, आज मिशाळने क्रेनवाल्याला गंडवलं. तो पट्ट्याच्या कडेला मुकादमाशेजारी येऊन थांबला.

"वहिनी, मी गेलो होतो तुमच्या गल्लीच्या दाराशी," तो म्हणाला. "मोबाइल सगळ्यांचे फाटकावर जमा असतात. किल्ली कुणाकडे नाही. मग मी दारच बडवलं. ओरडलोसुद्धा, पण पंप चालू होता, मला माझंच ऐकू येईना. नुसता बडवत होतो."

तिने उघड्या दाराकडे पाहिलं.

चहाच्या सुट्टीत नवरा त्या दारावर आतून थाप मारायचा. ती हातातलं काम टाकून यायची आणि बाहेरून मारायची. बस, एवढंच. पंपाच्या आवाजात त्याला हाक मारता यायची नाही, तिला उत्तर देता यायचं नाही, तेवढ्या थापेवर तो परत कामाला जायचा. गल्लीतल्या बायका तिला चिडवायच्या, म्हणायच्या, लोखंडाला लाडात आणलंय दोघांनी.

त्या सकाळीही थाप आली होती. वेळेआधी आली, आणि एक नाही, कितीतरी. ती कपडे पिळत होती. ओल्या हातांनीच ती दाराशी गेली. आज स्वारी भलतीच खुशीत दिसतेय, असं तिला वाटलं होतं. तिने पोटावर हात ठेवून आतल्या बाळाला तसं सांगितलंही होतं. मग हसत हसत तिने लोखंडावर दोन्ही तळवे जोरात मारले, पलीकडून मारले होते तसेच, पुष्कळ वेळा. आवाज थांबला. ती परत येऊन कपडे पिळायला लागली.

"मग तिकडून थाप आली," मिशाळ म्हणाला. "तुमचीच. मी म्हटलं, कळलं त्यांना. पळत आलो आणि त्याच्या कानात सांगितलं, वहिनींना कळलंय, निघाल्या, येतायत. तेव्हा तो गप्प झाला. मग परत नाही म्हणाला, बोलवा म्हणून. फाटकाकडेच बघत होता." त्याने मनगटाने मिशा पुसल्या. "पण तुम्ही तरी काय करणार. फाटकापर्यंत एवढा फेरा, आणि पोटुशी बाई. मी रोज इथून गाडी वळवतो, वहिनी, आणि रोज मनात येतं, आपण दार तोडायला हवं होतं. त्यांना धावायला लावलं आपण. वाटेत असाल तुम्ही, तेव्हाच तो..."

त्याने वर पाहिलं.

"निघाला होतात ना तुम्ही?"

क्रेनवरून साखळीचा बारीक आवाज येत होता. दूर आराखडेवाली फोनवर हसली. मुकादम तिच्याकडे बघत होता. त्या दिवशी घराचं दार त्यानेच वाजवलं होतं. दार उघडलं तेव्हा तिच्या एका हातात पिळलेला शर्ट होता आणि दातांत कपड्यांचा चिमटा होता, आणि चिमटा न काढताच ती "या ना भाऊ" म्हणाली होती.

"हो," ती म्हणाली. "निघाले होते."

मिशाळने मान खाली घातली. त्याचे खांदे एकदा वर जाऊन खाली आले. "मला वाटलंच," तो म्हणाला. "मी खोटं नव्हतो बोललो त्याला."

"नाही. खोटं कसं? अर्ध्या वाटेत होते मी."

"हां."

"तुमच्यामुळे कळलं मला. नाहीतर कसं कळणार होतं?"

तो आणखी काही विचारेल असं तिला वाटलं. कोणत्या कोपऱ्यापर्यंत, कोणाबरोबर. ती उत्तरं जुळवायला लागली होती, रस्ता, पिठाची गिरणी, गिरणीपाशी लागलेली धाप. पण त्याने काही विचारलं नाही. तो ठकीकडे बघून डोळ्यांनी हसला, ठकीने त्याच्या मिशांकडे बोट केलं, आणि तो ट्रककडे परत गेला. चालताना त्याने एकदा पँटवर हात झटकले, काम संपल्यावर झटकतात तसे.

मुकादम होता तिथेच उभा होता. तो काहीतरी बोलणार होता. ओठ हलले होते.

"राहू दे, भाऊ," ती म्हणाली.

आराखडेवाली घाईघाईने परत आली. "साहेब खूश आहेत. वाट इथूनच काढायची, पक्कं झालं. ट्रकांना मागच्या बाजूने वेगळा रस्ता देणार, म्हणजे इकडे त्यांची कटकटच नाही." तिने एकेकाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मास्तर आणि आजोबा लांब, सावलीत जाऊन बसले होते, नको तिथे नजर न टाकता. तिचा आवाज खाली आला. "काय झालं? दमलात का ताई?"

"नाही."

"मग आता शेवटचं. तुम्ही मूल घेऊन इथवर आलात, असं समजा. काय हवं तुम्हाला इथं? बाक ठेवू? पाण्याकडे तोंड करून?"

तिने पट्ट्यांच्या आतल्या जागेवरून नजर फिरवली.

"बाक नको," ती म्हणाली. "बाकावर सगळे एकाच बाजूला बघत बसतात. असं करा, गोल करा. ओट्यासारखा, बुटका. सगळ्यांना समोरासमोर बसता येईल असा." तिने काळ्या पट्ट्यांच्या आतून हात फिरवून दाखवला.

"वा," आराखडेवाली म्हणाली आणि मान तिरकी करून जागेकडे बघायला लागली. "छान होईल ते. सुचलं नसतं मला. आणि मधे? मधे झाड लावू?"

"मधे काही नको. मोकळं राहू दे."

"चालेल. फक्त मोकळं ठेवायचं ते किती, ते सांगा. आखून घ्यावं लागेल."

तिने ठकीला मुकादमाकडे दिलं. तो कडेलाच उभा होता, तिला वाकून द्यावं लागलं. मग तिने खडू मागून घेतला. गवताजवळ एक रेघ मारली. तिथून ती सावकाश चालत गेली, आणि पुरेसं झाल्यावर थांबून दुसरी मारली. उभी राहून दोन्ही रेघांकडे पाहत राहिली.

"माणूसभर लांब," आराखडेवाली पुटपुटली. "ठीक आहे, एवढी धरते."

"थांबा," ती म्हणाली.

तिने चपलेने दुसरी रेघ पुसून टाकली, खाली बसली, आणि वीतभर अलीकडे नवी ओढली.

"एवढी पुरे."